वैद्याचा शब्द आणि रसायनज्ञाचे द्रव्य : आफ्रिकेतील औषधी वनस्पतींच्या संशोधनाची भाषिक बाजू

१

औषधी वनस्पतींपासून जंतुरोधी द्रव्ये मिळविण्याचे संशोधन हे सामान्यतः वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र ह्या तीन शास्त्रांचे क्षेत्र समजले जाते. ही समजूत चुकीची नव्हे. पण ती अपुरी आहे. प्रयोगशाळेत अर्क येतो तो मुळाचा किंवा सालीचा. परंतु अमुक झाडाचे मूळ आणावे हे पुष्कळदा ठरते ते एका वाक्यावरून. कोणी तरी कोणाला तरी आपल्या भाषेत सांगितलेले असते की, अमुक नावाचे झाड अमुक नावाच्या दुखण्यावर चालते. ह्या वाक्यातील दोन नामांचा अर्थ लावण्यात चूक झाली, तर पुढील मोजमाप कितीही काटेकोर असले तरी ते भलत्याच वस्तूचे मोजमाप ठरते. आफ्रिका खंडातील काही वनस्पतींच्या संशोधनाचा इतिहास घेऊन ही भाषिक बाजू स्पष्ट करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा प्रश्न केवळ कोशकारांच्या जिज्ञासेचा आहे असे मात्र कोणी समजू नये. रोगकारक जीवाणू प्रचलित प्रतिजैविकांना दाद देईनासे होत आहेत. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट अशा प्रतिरोधी जीवाणूंमुळे घडले आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी त्यांचा काही ना काही संबंध होता. थेट मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या पश्चिम भागात. तेथे ते दर लाख लोकसंख्येमागे २७.३ इतके होते. ज्या प्रदेशात नव्या औषधांची निकड सर्वांत तीव्र आहे, त्याच प्रदेशात वनौषधींची जिवंत परंपराही आहे. तेथील संशोधक ह्या परंपरेकडे वळावेत हे स्वाभाविकच होय.

तथापि आरंभीच एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. क्विनीन आणि आर्टेमिसिनिन ही हिवतापावरील दोन थोर औषधे वनस्पतींनी दिली; परंतु हिवतापाचा परजीवी हा जीवाणू नव्हे. जीवाणूंवरील प्रमुख प्रतिजैविके आली ती बहुतांशी बुरशींपासून आणि मातीतील ॲक्टिनोमायसीट वर्गाच्या सूक्ष्मजीवांपासून. पेनिसिलिन हे पहिल्याचे आणि स्ट्रेप्टोमायसिन हे दुसऱ्याचे उदाहरण. त्यामुळे वनस्पतींकडून अपेक्षा करताना उत्साहाइतकीच सावधगिरी आवश्यक आहे, आणि ह्या सावधगिरीचे नियम प्रयोगशाळेने स्वतःपुरते बरेच स्पष्ट करून ठेवलेले आहेत.

२

ते नियम थोडक्यात पाहू. आगरच्या थरावर जीवाणू पसरून त्यावर अर्काने भिजविलेली चकती ठेवावयाची आणि तिच्याभोवती जीवाणूंची वाढ न झालेले वर्तुळ मोजावयाचे, ही जुनी रीत. तिच्यात एक उणीव आहे : जे द्रव्य आगरमध्ये नीट पसरत नाही ते प्रभावी असूनही निष्प्रभ दिसते. म्हणून आता अर्क द्रवरूप पोषकात टप्प्याटप्प्याने निम्मा निम्मा पातळ करीत जातात आणि ज्या सर्वांत कमी प्रमाणात जीवाणूंची वाढ थांबते ते प्रमाण नोंदवितात. ह्यास किमान रोधक संहती असे म्हणावे. प्रिटोरिया येथील याकोबस एलॉफ ह्यांनी १९९८ साली ह्या चाचणीची एक सुटसुटीत पद्धती प्रसिद्ध केली. तीत टेट्राझोलियमचे एक लवण वापरतात; जेथे जीवाणू जिवंत असतात तेथे लालसर रंग उमटतो आणि जेथे वाढ रोखली गेली आहे तेथे तो उमटत नाही. अर्क मुळातच हिरवा वा गढूळ असल्यामुळे होणारी फसगत त्यामुळे टळते.

आकडा मिळाला तरी त्याचा अर्थ लावणे शिल्लक राहते. प्रमाण पुरेसे वाढविले तर जवळजवळ कोणताही अर्क जीवाणूंना रोखील. सालींतील टॅनिने तर प्रथिनांना चिकटून सरसकटच परिणाम घडवितात. कॅमेरूनमधील द्शांग येथील व्हिक्टर क्युएटे ह्यांनी २०१० साली जी प्रतवारी सुचविली ती ह्या दृष्टीने उपयुक्त आहे. तिच्याप्रमाणे अर्काची किमान रोधक संहती दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमहून कमी असेल तर परिणाम लक्षणीय, १०० ते ६२५ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे क्षीण समजावा. शुद्ध द्रव्यासाठी कसोटी अधिक कडक आहे : १० हून कमी लक्षणीय, १० ते १०० मध्यम, १०० हून अधिक क्षीण. शिवाय जीवाणूला मारणारे द्रव्य मनुष्याच्या पेशींनाही मारीत नाही ना, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ह्या प्रत्येक चाचणीबरोबर एक नियंत्रक चाचणी असते. अर्क विरघळविण्यासाठी वापरलेले द्रावक तेवढेच घालून पाहतात, ज्ञात प्रतिजैविक घालून पाहतात, काहीच न घालता पाहतात. प्रयोगशाळा कोणत्याही निरीक्षणावर एकट्याने विश्वास ठेवीत नाही. परंतु ज्या शब्दावरून हे मूळ प्रयोगशाळेत आले, त्या शब्दासाठी मात्र अशी नियंत्रक चाचणी क्वचितच केलेली आढळते. तो एकदा ऐकलेला, एकदा लिहिलेला आणि पुढे उतरवून घेतलेला शब्द असतो. अशा शब्दाची काय गत होऊ शकते ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण 'उम्कालोआबो' हे आहे.

३

चार्ल्स हेन्री स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज तरुणास क्षयाची बाधा झाल्यामुळे १८९७ साली हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेत पाठविण्यात आले. बासुटोलँडमध्ये, म्हणजे आजच्या लेसोथोत, तेथील एका वैद्याने मुळांचा काढा देऊन त्याच्यावर उपचार केले आणि तो बरा झाला. इंग्लंडला परतल्यावर त्याने हे औषध 'स्टीव्हन्सचा क्षयावरील उपाय' म्हणून विकावयास काढले. त्यात 'उम्कालोआबो' आणि 'चिजित्से' ही दोन द्रव्ये असल्याचे तो सांगे. ती कोणत्या झाडांची, हे मात्र त्याने गुपित ठेवले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली 'सीक्रेट रेमेडीज' ह्या पुस्तकात अशा गुप्त औषधांचा समाचार घेतला, त्यात हेही औषध होते. स्टीव्हन्सने बदनामीचा दावा लावला. १९१४ साली निकाल त्याच्याविरुद्ध लागला. पुढे जिनिव्हा येथील आद्रियें सेशहाय ह्या डॉक्टरांनी सुमारे ८०० क्षयरुग्णांवर हेच औषध वापरून १९३० साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. म्हणजे न्यायालयात वाद झाला, रुग्णांवर उपचार झाले, ग्रंथही निघाला. पण ही मुळे कोणत्या वनस्पतीची, हे अद्याप कोणासही ठाऊक नव्हते.

ह्याचे एक कारण व्यापारी गुप्तता हे होते. दुसरे कारण तो शब्द हेच होते. ह्या नावाची जी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते ती अशी : झुलू भाषेतील 'उम्खुह्लाने' आणि 'उह्लाबो' ह्या दोन शब्दांपासून ते बनले. पहिल्याचा अर्थ ताप, सर्दी, खोकला अशा दुखण्यांचा समूह. दुसरा 'ह्लाबा', म्हणजे भोसकणे, ह्या धातूपासून आलेला असून त्याचा अर्थ छातीत किंवा बरगडीत येणारी चमक. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली तर तीन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की, ह्या दोन्ही शब्दांत येणारा 'ह्ल' हा एकच ध्वनी आहे. जीभ 'ल' च्या जागी ठेवून, कंठातील नाद न काढता, बाजूने हवा घासत सोडली म्हणजे तो उमटतो. इंग्रजीत असा ध्वनी नाही आणि मराठीतही नाही. इंग्रजी कानाने एका ठिकाणी त्याचा 'ल' केला आणि दुसऱ्या ठिकाणी तो गाळलाच. दुसरी गोष्ट, ज्या प्रदेशात औषध मिळाले तेथील भाषा सोथो. शब्द मात्र झुलू. म्हणजे हे नाव त्या गावचे नव्हे, कोठून तरी हातोहात आलेले आहे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ह्या दोन शब्दांपैकी एकही वनस्पतीचा वाचक नाही, दोन्ही दुखण्याचे वाचक आहेत. 'हे काय आहे?' ह्या प्रश्नाला बहुधा 'खोकल्याचे, छातीतल्या चमकेचे' असे उत्तर मिळाले असावे, आणि ऐकणाराने ते झाडाचे नाव म्हणून टिपून घेतले असावे.

अशा नावाने झाड शोधणे म्हणजे 'पोटदुखीचे' एवढ्या शब्दावरून आपल्याकडील ओवा शोधून काढण्यासारखे आहे. हे कोडे सुटण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. म्यूनिक येथील संशोधकांनी मुळांची सूक्ष्मरचना व त्यांतील द्रव्ये ह्यांची तुलना करून ती पेलार्गोनियम प्रजातीची असल्याचे दाखविले. ह्या प्रजातीतील सिडॉइडिस आणि रेनिफॉर्मे ह्या दोन जवळच्या जातींचा घोटाळा त्यानंतरही काही काळ चालू राहिला. पहिलीची फुले गडद किरमिजी, दुसरीची गुलाबी, पण वाळलेल्या मुळांस फुले नसतात. विशेष हे की, स्थानिक भाषांत ह्या वनस्पतीस खरीखुरी वनस्पतिवाचक नावे होती. खोसा भाषेत 'उव्हेंडले' आणि सोथोत 'खोआरा ए न्येन्याने' ही त्यांपैकी दोन. दुसऱ्यातील 'न्येन्याने' म्हणजे लहान, आणि एखाद्या नावास 'लहान' हे विशेषण जोडावे लागते तेव्हा शेजारी त्याच नावाची मोठी वनस्पती असण्याचा संभव असतो. जे भेद शास्त्रज्ञ शोधीत होते त्यांची सूचना लोकभाषेतच होती. ती विचारणारे कोणी नव्हते.

आता प्रयोगशाळेचा निर्णय पाहा. ह्या मुळांतील एका कूमारिनास 'उम्कालिन' असे नाव देण्यात आले. बर्लिन येथील कायझर आणि कोलोद्झिए ह्यांनी १९९७ साली दोन्ही जातींतील द्रव्यांच्या जंतुरोधी चाचण्या प्रसिद्ध केल्या. शुद्ध द्रव्यांची किमान रोधक संहती दर मिलिलिटरला २०० ते १००० मायक्रोग्रॅम इतकी भरली. वर सांगितलेल्या प्रतवारीने हा परिणाम क्षीणच होय. तेव्हा हे औषध काही उपयोगी पडत असेल तर ते थेट जंतुनाशामुळे नसावे. जीवाणूंना श्वसनमार्गाच्या पेशींस चिकटू न देणे, शरीराची प्रतिकारक्रिया जागृत करणे अशी अन्य स्पष्टीकरणे त्यासाठी पुढे आलेली आहेत. २०१३ च्या कॉक्रन समीक्षेनेही तीव्र श्वासनलिकादाहात लक्षणे कमी होण्यास त्याचा उपयोग होत असावा, पण पुरावा फारसा भक्कम नाही, असाच निष्कर्ष काढला. क्षयावरील रामबाण म्हणून ज्याची जाहिरात झाली ते खोकल्यावरील सौम्य औषध ठरले. 'उम्खुह्लाने' ह्या शब्दाने जे सांगितले होते ते हेच. झुलूत क्षयासाठी 'इसिफो सोफुबा', म्हणजे छातीचा रोग, असा वेगळा शब्दप्रयोग आहे. शब्द नीट ऐकला असता, तर निदान प्रश्न तरी योग्य विचारला गेला असता.

४

ह्यावरून दिसून येईल की, वनस्पतीच्या नावाइतकेच रोगाचे नावही जपून हाताळावे लागते. प्रत्येक भाषा दुखण्यांची वाटणी आपल्या पद्धतीने करते आणि ती वाटणी जीवाणूंच्या वर्गीकरणाशी जुळेलच असे नाही. नायजेरियातील योरुबा भाषेत 'कोकोरो' हा शब्द किडा, अळी आणि रोगजंतू ह्या सर्वांसाठी वापरला जातो. अँथनी बकली ह्यांनी योरुबा वैद्यकावरील आपल्या १९८५ सालच्या ग्रंथात ह्या कल्पनेचे सविस्तर विवेचन केले आहे. शरीरात कोकोरो लपलेले असतात, ते मर्यादेत असेपर्यंत बाधत नाहीत, प्रमाणाबाहेर वाढले की रोग होतो, अशी ती कल्पना. आता ह्या शब्दाचे भाषांतर 'जीवाणू' असे केले तर परंपरेस सूक्ष्मदर्शकाचे ज्ञान होते असा भलता दावा निर्माण होतो. 'कृमी' असे केले तर संशोधक त्या वनस्पतीची परीक्षा केवळ आतड्यातील जंतांवर करून मोकळा होतो. दोन्ही भाषांतरे सोपी आणि दोन्ही दिशाभूल करणारी आहेत.

ह्यात योरुबा भाषेचे काही वैगुण्य आहे असे मात्र नव्हे. मराठीत 'जंत' आणि 'जंतू' हे एकाच मुळाचे दोन शब्द आहेत, आणि दोहोंचे अर्थ आपण सहज वेगळे ठेवतो. 'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो तेव्हा दातात किडा पाहिल्याचा कोणाचाही दावा नसतो. परंतु एखादा परदेशी अभ्यासक कोशात 'कीड' हा शब्द पाहून दातांच्या औषधाची चाचणी कीटकांवर करू लागला तर त्यास दोष कसा द्यावा? उपाय एकच : रोगाचे नाव टिपून थांबू नये. दुखणे कोठे होते, कसे वाढते, काय दिसते, कोणास होते आणि औषधाने काय बदल झाला म्हणजे ते लागू पडले असे समजतात, हे सांगणाऱ्याच्याच वाक्यांत लिहून घ्यावे. चाचणीसाठी कोणता सूक्ष्मजीव निवडावा हे नावावरून नव्हे, तर ह्या वर्णनावरून ठरवावे.

संख्यावाचक नावांचीही अशीच गंमत आहे. आपला कडुनिंब भारतातून पूर्व आफ्रिकेत गेला आणि स्वाहिली भाषेत 'म्वारोबाइनी' झाला; 'अरोबाइनी' म्हणजे चाळीस, हा शब्द मूळचा अरबी. हे झाड चाळीस रोग बरे करते असे त्या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. येथे चाळीस हा आकडा गौरवाचा आहे, गणनेचा नव्हे. तो कोष्टकात भरणे अप्रस्तुत होय.

५

वनस्पतींच्या नावांकडे वळले असता व्याकरणही महत्त्वाचे ठरते. बांटू भाषांत नामांचे वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाचा उपसर्ग ठरलेला असतो. स्वाहिलीत झाडांची नावे बहुधा 'म' ने सुरू होतात : 'एंबे' म्हणजे आंबा, 'म्वेंबे' म्हणजे आंब्याचे झाड, 'चुंग्वा' म्हणजे संत्रे, 'म्चुंग्वा' म्हणजे संत्र्याचे झाड. हे ठाऊक नसलेल्या संग्राहकाची नामसूची वर्णानुक्रमे लावली तर जवळजवळ सारी झाडे 'म' खाली गोळा होतात, आणि फळ व झाड ही दोन वेगळी औषधे म्हणून नोंदली जाण्याचा धोका असतो. झुलूत 'उमुथी' ह्या एकाच शब्दाचे झाड आणि औषध असे दोन अर्थ होतात. शिवाय औषध ह्या अर्थी तो प्राणिज व खनिज पदार्थांसही लागतो. म्हणून 'हे उमुथी आहे काय?' ह्या प्रश्नास मिळालेल्या होकाराचा अर्थ सरळ नसतो. संस्कृत 'ओषधि' म्हणजे वनस्पती आणि 'औषध' म्हणजे तिच्यापासून झालेले, हा संबंध ठाऊक असलेल्या मराठी वाचकास ह्या अर्थविस्ताराचे नवल वाटणार नाही.

योरुबा भाषेत आणखी एक अडचण आहे ती सुरांची. उच्च, मध्य आणि नीच असे तीन सूर ह्या भाषेत अर्थभेदक आहेत. 'ओको' ह्या एकाच स्वरव्यंजनरचनेचे अर्थ सुरानुसार नवरा, कुदळ आणि वाहन असे होतात. रोमन लिपीतील जुन्या नोंदींत सुरांची चिन्हे पुष्कळदा गाळलेली असतात, आणि देवनागरीतही ती दाखविण्याची रूढ सोय नाही. वरील उदाहरण लिहिताना ती उणीव वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. डाल्झिएल ह्यांच्या पश्चिम आफ्रिकेतील उपयुक्त वनस्पतींवरील १९३७ च्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती बर्किल ह्यांनी १९८५ पासून अनेक खंडांत सिद्ध केली, तीत प्रत्येक वनस्पतीची लोकनावे भाषावार दिलेली आहेत. असे कोशकार्य हाच अशा संशोधनाचा खरा पाया होय.

नाव नीट समजले म्हणजे काय साधते ह्याचेही उदाहरण द्यावयास हवे. योरुबात 'ओरिन आता' नावाचे एक दातवण आहे. 'ओरिन' म्हणजे दातवण, 'आता' म्हणजे मिरची. चघळले असता तोंडास चुणचुण सुटते. ही वनस्पती झॅन्थॉक्झायलम झॅन्थॉक्झायलॉइडिस होय. कोकणात व गोव्यात माशांच्या कालवणात घालतात ते तिरफळ हे तिच्याच प्रजातीतील, आणि त्याची चुणचुण आपल्या परिचयाची आहे. येथे नावातच उपयोग आणि गुण दोन्ही सांगितलेले होते, त्यामुळे प्रश्न सरळ होता : ह्या दातवणात जंतुरोधी गुण आहे काय? नायजेरियातील संशोधकांनी १९७१ साली दातवणांच्या अर्कांवरील आपल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या आणि असा गुण त्यांत आढळला. ह्याच कामाच्या ओघात, रक्तमिश्रित आगरवर ह्या वनस्पतीचा अर्क पडला असता रक्ताचा लाल रंग टिकून राहतो असे दिसले. त्यावरून आबायोमी सोफोवोरा आणि त्यांचे सहकारी दात्रपेशी रक्तक्षयाकडे वळले, आणि दात्राकार झालेल्या रक्तपेशी ह्या मुळाच्या अर्काने पूर्ववत होतात असे त्यांनी त्याच वर्षी प्रतिपादिले. योग्य प्रश्नाने सुरू झालेले काम अनपेक्षित ठिकाणीही फलदायी होते.

६

शास्त्रीय नाव मिळाले म्हणजे सर्व संदेह फिटला, असे मानण्याची एक प्रवृत्ती आहे. वस्तुतः शास्त्रीय नावेही भाषिक चिन्हेच आहेत आणि तीही बदलतात. वरील दातवणाचे १९७१ च्या लेखांतील नाव फॅगारा झॅन्थॉक्झायलॉइडिस असे आहे. फॅगारा ही प्रजाती पुढे झॅन्थॉक्झायलममध्ये विलीन करण्यात आली. जुने नाव ठाऊक नसेल तर निम्मे वाङ्मय हाती लागत नाही. २०२४ साली माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने तर एक वेगळ्याच प्रकारचा बदल मान्य केला. 'काफ्रा', 'काफ्रम' अशी जातिविशेषणे अरबी 'काफिर' पासून आलेली, आणि तो शब्द दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांस उद्देशून शिवी म्हणून वापरला गेला. म्हणून त्यांच्या जागी 'आफ्रा', 'आफ्रम' अशी रूपे घ्यावीत असे ठरले. आपल्या पांगाऱ्याच्या प्रजातीतील एरिथ्रायना काफ्रा ह्या निर्णयाने एरिथ्रायना आफ्रा झाली.

सर्वांत स्थितिशील नावे आढळतात ती रसायनांची. फॅगारा प्रजाती लोपली तरी तिच्यापासून मिळालेले 'फॅगारोनीन' त्याच नावाने राहिले. 'उम्कालिन' ह्या शब्दात तर एका इंग्रजाने अर्धवट ऐकलेला झुलू शब्द रसायनशास्त्रात कायमचा गोठून बसला आहे. एखाद्या जुन्या ग्रामनामात लुप्त भाषेचा अवशेष सापडावा तसाच हा प्रकार.

नावांच्या ह्या गुंतागुंतीत भारतीय वाचकास जवळचे वाटेल असे एक उदाहरण क्रिप्टोलेपिस सँग्विनोलेंटाचे आहे. ही पश्चिम आफ्रिकेतील वेल. घानातील ट्वी भाषेत तिला 'निबिमा' म्हणतात, योरुबात 'पारान पुपा'. 'पुपा' म्हणजे लाल, आणि लॅटिन 'सँग्विनोलेंटा' म्हणजे रक्ताळलेली. दोन्ही नावांनी एकच गुण टिपलेला आहे. तिच्या मुळाचा काढा तापावर देतात, आणि घानातील माम्पाँग येथे १९७५ साली स्थापन झालेल्या वनौषधी-संशोधन केंद्रात तिच्यावर काम झाले. तिच्यातील क्रिप्टोलेपीन हे अल्कलॉइड जीवाणूंस रोखते खरे, परंतु ते डीएनएच्या घडणीत शिरून बसते आणि म्हणून मनुष्याच्या पेशींनाही बाधक ठरू शकते. नावापासून द्रव्यापर्यंतचा सारा मार्ग बिनचूक आक्रमिला तरी औषध हाती येईलच असे नाही, ह्याची ही साक्ष. ह्याच प्रजातीतील क्रिप्टोलेपिस बुकनॅनाय ही भारतीय वेल 'कृष्णसारिवा' म्हणून वापरली जाते. पण इक्नोकार्पस फ्रुटेसेन्स ही वेगळ्या प्रजातीची वेलही त्याच नावाने ओळखली जाते. निव्वळ 'कृष्णसारिवेचा अर्क' असे लिहिलेला निबंध ह्यांपैकी कोणत्या वेलीविषयी आहे हे सांगता येत नाही. तो पुन्हा करून पाहणेही शक्य नसते.

७

आणखी एक बाजू न्यायाची आहे. पेलार्गोनियमच्या मुळांपासून अर्क काढण्याच्या रीतीवर एका जर्मन कंपनीस मिळालेले युरोपीय पेटंट दक्षिण आफ्रिकेतील ॲलिस येथील लोकसमूहाने व त्यांच्या सहायक संस्थांनी आव्हान दिल्यावर २०१० च्या जानेवारीत रद्द झाले. त्याच वर्षी स्वीकृत झालेला नागोया करार २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अंमलात आला. जैविक संपत्ती आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान ह्यांच्या उपयोगातून होणाऱ्या लाभात मूळ धारकांचा वाटा असावा हे त्याचे सूत्र. पण हे ज्ञान अमुक समूहाचे, हे दाखवावयाचे कशाने? नाव, ते सांगणारी भाषा, सांगणाऱ्याचे वाक्य आणि त्या वाक्यातील वनस्पतीचा जपून ठेवलेला नमुना, हीच त्याची साधने. शब्द विद्रूप झाला की त्या शब्दाचे मालकही दिसेनासे होतात.

तेव्हा शब्दासाठी नियंत्रक चाचणी कशी असावी, हे शेवटी सांगणे अवश्य आहे. नाव एकट्याने न घेता पूर्ण वाक्यात घ्यावे व त्याचे ध्वनिमुद्रण करावे. सूर, दीर्घता आणि अपरिचित ध्वनी ध्वनिलिपीत दाखवावे. बोलणाराची भाषा आणि त्याचे गाव नोंदवावे, शब्द परभाषेतून आलेला आहे काय ते विचारावे. तोच ताजा नमुना, नाव न सुचविता, दुसऱ्या व तिसऱ्या जाणकारास दाखवावा. आणि उलट, नाव सांगून त्यांजकडून नमुना आणवावा. दोन्ही वाटांनी एकच वनस्पती आली तरच नाव निश्चित समजावे. 'लहान', 'तांबडी', 'रानातली' अशी विशेषणे आढळल्यास त्यांच्या जोडीची दुसरी वनस्पती शोधावी. फुलाफळांसह दाबून वाळविलेला नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवून त्याचा क्रमांक अर्काच्या बाटलीवर आणि शब्दाच्या नोंदीवर, अशा दोन्ही ठिकाणी लिहावा.

ह्यांतील एकही कृती खर्चाची वा अवघड नाही. मात्र तिला भाषेची जाण असलेला मनुष्य संशोधकांच्या तुकडीत आरंभापासून असावा लागतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार आपल्या राज्यातही गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करावयाच्या आहेत, आणि त्यांतील नावे गोंडी, कोरकू, भिली, वारली अशा बोलणाऱ्यांच्या तोंडची आहेत. ती मराठी कानाने ऐकली जाणार आणि देवनागरीत उतरली जाणार. 'उम्कालोआबो' ह्या एका शब्दाची उकल होण्यास पाऊण शतक लागले, हे अशा नोंदवह्या हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी पहिल्या पानापासूनच ध्यानात ठेवावे.